बबनमामांची तीनची गाडी

न्हावऱ्याच्या पेठेत पायी चालताना वळायच्या आधी हात दाखवणारा माणूस एकच, बबनमामा. किराणा दुकानाकडं वळायचं असलं की दहा पावलं आधी त्यांचा उजवा हात आडवा व्हायचा. मग मान वळवून मागं बघणार, आणि मगच वळणार. मागं म्हैस असली तर तिलासुद्धा आधी पुढं जाऊ द्यायचे. नवखी माणसं हसायची. आम्ही हसायचं कधीच सोडलं होतं, कारण हसलं की मामा जागेवर थांबून विचारायचे, "मी कुठं वळणार ते तुला कळलं का न्हाई? कळलं ना? मग झालं."

मामा एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली एकोणीस वर्षं शिरूर-दौंड याच रस्त्यावर. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "ताबा पाहिजे, ताबा." पोराचं लग्न ठरत नाही म्हणून कुणी गाऱ्हाणं सांगितलं तरी उत्तर हेच. मामी चिडून म्हणायच्या, "आवं, दूध उतू गेलं तरी मला ताबाच सांगता व्हय!"

माझं पेठेत ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान. निवृत्तीनंतर हयातीचा दाखला काढायला मामा आले, ते तिथंच अडकले. त्याचं कारण अक्षय. हा भांडगावचा, कारखान्यात शिफ्टला जाणारा, आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळणाऱ्या पाच जणांच्या टीमचा कॅप्टन. माझं नेट चांगलं म्हणून त्यांचा सराव माझ्या मागच्या खोलीत चालायचा. टेबलाला पकडीनं बसवलेलं स्टिअरिंग, खाली पेडल, समोर मोठा पडदा. त्यांचा पाचवा गडी नोकरीसाठी बाहेर गेला होता आणि चौघं हातपाय गाळून बसले होते.

मामांनी स्टिअरिंगला हात लावला. "ह्येचा क्लच कुठाय?" म्हणाले. मग आरसा शोधला. मग खुर्ची तीनदा मागंपुढं केली. अक्षय हसत होता. अर्ध्या तासानं तो हसायचा थांबला.

त्या शर्यती सहा-सहा तास चालतात. एकच गाडी, ड्रायव्हर पाळीपाळीनं बदलायचे. पोरं वेगात जायची आणि चौथ्या तासाला कुठंतरी ठोकायची. मामा कधीच पहिले नसत, पण ठोकतही नसत. ओव्हरटेक करताना इंडिकेटर देत. पुढचा माणूस वाट देईना तर त्याला पडद्यातून "हां, घ्या घ्या, तुम्ही घ्या" म्हणत, आणि तो पुढच्या वळणावर आपोआप गवतात जाई. असं करत करत टीम राज्यात वर आली. ज्या कंपनीचा हा गेम, तिनं टीमला प्रायोजित केलं. मामांना छातीवर कंपनीचं चिन्ह असलेला टी-शर्ट आला. तो ते खाकी शर्टाच्या आत घालत. "बनियनवर कुठं पेठेत जायचं?" असं त्यांचं म्हणणं.

शर्यत खेळताना लोक बघतात म्हटल्यावर मामांचं चॅनेल झालं. पण मामांचा जीव शर्यतीत नव्हता. तो होता दुसऱ्याच एका कंपनीच्या, साध्या, बस चालवायच्या गेममध्ये. रोज दुपारी बरोबर तीनला मामा घरी घेतलेल्या स्टिअरिंगवरून ही बस सोडायचे आणि ती चॅनेलवर थेट दाखवायचे. गेममधला मुलूख कुठला तरी परका. मामांनी त्याला आपली गावं वाटून दिलेली. "ह्या चर्चला आपण पारगाव म्हणायचं. ह्यो पूल म्हंजी भीमेचा. चला, चौफुलावाले म्होरं या!" शेदीडशे माणसं बघायची. काही हसायला यायची आणि थांबायची.

एकच अडचण होती. मामांची बस थांब्यावर थांबली की लवकर हलायची नाही. दोन मिनिटं, कधी चार. लोक लिहायचे, "मामा, बंद पडली का?" मामा म्हणायचे, "बेल झाली न्हाई." मग लिहिलेल्या मजकुराच्या रांगेत कुणीतरी "टिंग टिंग" असं लिहायचं आणि बस सुटायची. कुणीतरी हौशी असेल, एवढंच मला वाटायचं.

राज्याची अंतिम शर्यत रविवारी होती. आदल्या सोमवारी कंपनीची मेल आली. मामांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. करारातलं कलम होतं, प्रायोजित खेळाडूनं आपल्या चॅनेलवर दुसऱ्या कंपनीचा गेम दाखवायचा नाही. मामांची बस कंपनीच्या नजरेस आली होती. पुन्हा दिसली तर टीम बाद.

"मामा, सही करताना वाचलं न्हवतं का?" मी विचारलं.

"वाचलं हुतं. पण त्यात गेम म्हणलंय. मी गेम कुठं खेळतो? मी गाडी सोडतो."

मंगळवारी पावणेतीनला अक्षय मोटरसायकलवर थेट मामांच्या दारात. मीही तिथंच होतो. मामा खुर्चीत बसले होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात, पडद्यावर बस उभी.

"मामा, चालू करू नका."

मामांनी अंगठा बटणावर नेला.

"मामा, चार वर्षं झाली आम्हाला. रात्रपाळी करून सराव केलाय. घरची म्हणत्यात, काय पोरखेळ लावलाय. रविवारी त्यांना बघाय बोलवलंय मी. तुम्ही एक बटण दाबलं की संपलं सगळं."

"मग मलाच काढा. दुसरा घ्या."

"नावं बदलायची मुदत संपली. तुम्ही न्हाई तर टीम न्हाई."

भिंतीवरचं घड्याळ दोन पंचावन्न दाखवत होतं. अक्षयच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. मामांचा अंगठा बटणावर होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, हात पिठाचे. तीन वाजले. तीन वाजून एक. मामांनी अंगठा उचलला आणि मांडीवर ठेवला. मग ते उठून आत गेले. वळताना हात दाखवला नाही.

अक्षय मटकन खाली बसला. मामी मला परसात घेऊन गेल्या.

"तुला ठावं न्हाई न्हवं, ती बेल कोण देतंय?"

"कोण?" मी विचारलं.

"दौंडचं जगूतात्या. ह्येंचं कंडक्टर. एकोणीस वर्षं एका गाडीवर हुते दोघं. तीन वर्षं झाली, त्यास्नी अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताचा अंगठा तेवढा चालतो. त्या अंगठ्यानं लिवत्यात मोबाईलवर."

"मग मामा भेटायला जात नाहीत?"

"एकदाच गेलं. तात्यांनी ह्यास्नी बघितलं आन् रडाय घेतलं. ह्ये तसंच माघारी फिरलं. चप्पल तिथंच राह्यली, अनवाणी स्टँडवर आलं. तवापास्नं दौंडचं नाव काढलं की ह्ये उठून आत जात्यात." मामींनी पिठाचे हात एकमेकांवर घासले. "आन् एक सांगू? ह्यो माणूस जन्मात कवा वरडला न्हाई. गाडीत बोलायचं सगळं तात्याच. चला म्होरं, सरका आत, ही त्यांची बोली. ह्ये नुसतं गाडी हाकायचं. आता पडद्याम्होरं बसून ह्ये तात्यांचं बोलत्यात."

बुधवारी बस सुटली नाही. गुरुवारी दुपारी मी मामांकडं होतो, तेव्हा मामींचा फोन वाजला. दौंडहून तात्यांच्या बायकोचा. मामींनी तो मामांच्या हातात दिला. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "भाऊजी, बरं हाय ना तुमास्नी? ह्ये परवा तीनपास्नं मोबाईल छातीवर धरून हायेत. जेवण नको म्हणत्यात. काय झालं ते कळंना, आन् ह्येंना सांगता येईना." मामांनी फोन परत मामींना दिला.

तासाभरानं ते माझ्या दुकानात आले. "त्या कंपनीच्या बाईस्नी फोन लाव. तोंड दिसलं पाहिजे असा."

कंपनीकडून टीमचं काम बघणाऱ्या देवयानी मॅडम पुण्यात बसायच्या. व्हिडिओवर आल्या. मामा उभेच राहिले, जसे साहेबापुढं राहतात तसे. त्यांनी सगळं सांगितलं नाही. एक माणूस आजारी आहे, तो बघतो, एवढंच म्हणाले.

"मामा, तुमची बस मला फार आवडते. पण कलम सगळ्यांना सारखं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सूट दिली तर उद्या पन्नास जण मागतील."

"चॅनेलवर न्हाई दाखवत. त्या एकाच माणसाला दाखवतो. लिंक म्हणत्यात ती एकट्यालाच देतो."

"नाही चालणार. जाहीर असो की खासगी, नेटवरून दाखवणं म्हणजे प्रक्षेपणच."

मग मामांनी विचारलं, "आन् माणूस माझ्या शेजारी बसून बघत असला तर?"

मॅडम हसल्या. "घरी बसून खेळा की मामा. शेजारी बसलेल्या माणसाला बघू नको असं कोण सांगणार?"

मला वाटलं, सुटलो. मी मामांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना 'नाही' हवं होतं. नाही मिळालं असतं तर निदान कंपनीला शिव्या देत घरी बसता आलं असतं.

शनिवारी सकाळी मामा पोतं घेऊन दुकानात आले. पोत्यात स्टिअरिंग आणि पेडल. "लॅपटॉप तू घे. माझ्यानं एकट्यानं व्हनार न्हाई."

मी दुकान बंद केलं. एसटीत मामा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, पोतं मांडीवर. वाटेत एक शब्द नाही. पारगावला नाही, चौफुल्यालाही नाही. पाटस सुटल्यावर एकदम म्हणाले, "त्यो रडला तर मी काय करायचं?"

मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली.

दौंडला तात्यांचं घर स्टेशनापलीकडं. दोन खोल्या. वहिनींनी दार उघडलं, मामांना बघून पदर तोंडाला लावला आणि बाजूला झाल्या. आतल्या खोलीत खिडकीशी कॉट होती. तात्या उशीला टेकून बसले होते. एकेकाळी भरदार असावेत. आता शर्ट खांद्यावरून ओघळलेला, तोंडाची उजवी बाजू खाली आलेली. मोबाईल छातीवर होता, पडदा काळा.

तात्यांनी मान वळवली. मामा उंबऱ्यावर. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग तात्यांचा चेहरा वाकडा झाला, घशातून एक आवाज आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मामा गर्रकन वळले. मागं मी होतो, लॅपटॉप पोटाशी धरून, दाराच्या मधोमध.

"सर बाजूला," मामा म्हणाले.

मी सरलो नाही.

"दत्ता, सर म्हणतो न्हवं!"

मामांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान मी, त्यांना अडवायचा मला काय अधिकार? पण हललो नाही. मामांच्या कपाळावरची शीर उडत होती. वाटलं, आता पोतं टाकून मला ढकलून जातील.

तेवढ्यात मागून कॉट करकरली.

तात्या डाव्या हातावर जोर देत होते. चांगला पाय टेकवून, दुसरा ओढून घेत, अंग इंचाइंचानं भिंतीकडं सारत होते. वहिनी धावल्या, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दम लागला, थांबले, पुन्हा सरकले. कॉटवर एका माणसापुरती जागा झाली. मग त्या मोकळ्या जागेवर त्यांनी डावा तळवा आपटला.

मामा बघत राहिले. मग पोतं खाली ठेवलं, चपला दाराशी काढल्या आणि जाऊन त्या जागेवर बसले. दोघांचे खांदे टेकले. समोर नुसती भिंत होती, तिच्याकडं दोघं बघत राहिले. तात्या अजून रडत होते. मामांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यांच्या तोंडाच्या खाली आलेल्या बाजूवरून हळूच फिरवला.

"जगू, मला काय बोलाय येत न्हाई, तुला ठावं हाय," ते म्हणाले.

पोतं उघडलंच नाही. बोलता येत नाही म्हणणारा माणूस दुपारी चारपर्यंत बोलत होता. नव्या गाड्यांचे गिअर, मामींचे गुडघे, पेठेत कुणाचं काय, रविवारची शर्यत. मधे वहिनींनी ताट आणलं, तर मामांनी ते मांडीवर घेतलं आणि बोलता बोलता तात्यांना घास भरवले. तात्या सगळं जेवले. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाचच वाजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या खोलीत अक्षयच्या टीमनं शर्यत पुरी केली. चौथे आले. अक्षयची आई शेवटपर्यंत बसून होती, आणि निकाल लागल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं की पुढची कधी आहे. मामांनी शेवटची दीड तासाची पाळी केली, एक ओरखडा नाही. लोक फोटो काढायला थांबले होते, पण मामा टी-शर्टावर खाकी शर्ट चढवत बाहेर पडले. त्यांना दौंडची गाडी गाठायची होती.

आता मामा दर मंगळवारी आणि शनिवारी जातात. चॅनेलवर तीनची बस दिसत नाही म्हणून लोक अजून विचारतात. त्यांना उत्तर मीच लिहितो, मार्ग बदलला आहे.

त्या पहिल्या शनिवारी परतताना पारगावचा पूल आला तेव्हा मामांचं तोंड खिडकीकडं होतं. नदीत पाणी बरंच होतं. मला वाटलं झोप लागली असेल.

"दत्ता," ते म्हणाले, "आपण निघताना त्यो हासला. तू बघितलंस का? एकाच बाजूनं हासला. पण हासला."