जवळ्याच्या वासाचं शीड

सुक-हाननं शीड गच्चीवर जिथे ठेवलं होतं, तिथेच ते होतं. फरक इतकाच, की आता त्याच्याखाली जवळ्याच्या चटणीच्या सोळा थाळ्या होत्या.

“आई! हे काय केलंत?”

“पाऊस आला ना अचानक,” सासूबाई म्हणाल्या. “सोळा थाळ्या आणि मी एकटी. तुझं हे एवढं मोठं प्लास्टिक नुसतंच पडलं होतं. एक थेंब आत गेला नाही बघ. कुठे मिळतं गं हे?”

मीठ घालून वाटलेला जवळा बांबूच्या थाळीत पसरायचा आणि उन्हात आंबवायचा, हा हाँगकाँगच्या चेउंग चाऊ बेटावरचा पिढीजात धंदा. त्या वासानं बेटावरच्या माणसाला भूक लागते आणि बाहेरच्याला परतीच्या बोटीचं वेळापत्रक आठवतं. पाऊस दहा मिनिटांत गेला होता. मग कडक ऊन पडलं आणि सुक-हानचं शीड तीन तास त्या वाफेवर शिजलं.

उद्यापासून दोन दिवस शर्यत होती. नऊ वर्षांनी सुक-हान पुन्हा आंतरराष्ट्रीय विंडसर्फिंगमध्ये उतरत होती. ही नऊ वर्षं तिनं मुलगा वाढवण्यात आणि शहरातून येणाऱ्या पर्यटकांना फळीवर उभं राहायला शिकवण्यात घालवली होती. पर्यटक पडत, ती हसत नसे; त्याचेच पैसे मिळत. आता वय एकोणचाळीस. आशियाई स्पर्धेसाठी हाँगकाँगच्या मुलींतून एकच जागा होती, आणि या शर्यतीत जिचा क्रमांक वर, ती जाणार होती. पुन्हा संधी मिळेल असं म्हणण्याइतकं कुणी खोटारडं नव्हतं.

“दुसरं शीड घे की,” नवरा यिऊ-फाय म्हणाला.

“काल आयोजकांनी मोजून शिक्का मारलाय. आता फाटलं तरच बदलून मिळतं.”

यिऊ-फाय आत गेला आणि मासे कापायची कात्री घेऊन आला.

“मुद्दाम फाडलं तर बाद करतात!”

कात्री परत गेली. मग धुणं सुरू झालं. साबण झाला, व्हिनेगर झालं, लिंबं झाली. सासूबाईंना आता खरोखर अपराधी वाटू लागलं होतं. त्यांनी आलं किसून तांदळाच्या दारूत कालवलं आणि ते शिडाला चोळलं. “माशाचा हिवस वास यानंच जातो. पन्नास वर्षांचा अनुभव आहे माझा.”

वास गेला नाही. फक्त आता तो पंगतीला वाढण्याइतका शिजल्यासारखा येऊ लागला. सकाळी सुक-हान शीड घेऊन किनाऱ्याकडे निघाली, तेव्हा मागे सात मांजरं होती.

किनाऱ्यावर मा चिंग भेटली. वय एकोणीस, बेटावरचीच, आणि त्या एका जागेची दुसरी दावेदार.

“काकू, डबा आणलात वाटतं?”

“ताई म्हण.”

“बरं, काकू.”

एरवी सुरुवातीच्या रेषेवर तीस-पस्तीस जणी मंडईत शिरल्यासारख्या एकमेकींना रेटत असतात. त्या दिवशी सुक-हानच्या शिडावरून वारा जिथे जिथे जात होता, तिथे तिथे समुद्र मोकळा होत गेला. शेजारच्या डच मुलीनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग सुक-हानच्या शिडाकडे, आणि फळी वळवून ती लांब गेली. सुक-हानला असा स्वच्छ, कुणी न अडवलेला वारा पंचविशीतही मिळाला नव्हता. पहिल्या दिवसाच्या चार शर्यतींनंतर ती चौथी होती.

तिसरी चिंग होती. तिला तो वास छळत नव्हता. तिची आजी दोन गल्ल्या पलीकडे हीच चटणी वाळवायची.

संध्याकाळी परदेशी संघांनी लेखी तक्रार केली. पंच म्हणून नॉर्वेच्या एक गंभीर बाई होत्या. त्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. “लांबी आहे, वजन आहे, जाहिरातींचा आकार आहे. वासाबद्दल काही नाही. पुरावा आत आणा.”

पुरावा आत आणला. सुनावणी चाळीस सेकंद चालली.

“तक्रार फेटाळली,” बाई जिन्यावरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एकच शर्यत उरली होती. दोघींचे गुण असे होते, की जी पुढे पोचेल तिची जागा. शेवटच्या वळणापर्यंत सुक-हान पुढे होती, पण तिचे दंड भरून आले होते. मागे चिंग. आता ही पोरगी बाजूला सरकेल, स्वच्छ वारा घेईल आणि निघून जाईल, हे सुक-हानला दिसत होतं. दुसऱ्याच्या शिडामागे फाटका, जोर नसलेला वारा मिळतो. तिथे थांबायचं नसतं, हे तिनं पर्यटकांच्या पोरांनाही शिकवलं होतं.

चिंग सरकली नाही. तिचा प्रशिक्षक नावेतून ओरडून घसा फोडत होता. ती तशीच मागे मागे येत राहिली, अगदी रेषा ओलांडेपर्यंत. सुक-हान दोन फळ्यांच्या अंतरानं पुढे होती.

“सरकली का नाहीस गं बाजूला?” किनाऱ्यावर धापा टाकत सुक-हाननं विचारलं.

चिंगचे डोळे भरून आले होते. “सहा आठवडे झाले ताई, ओट्स आणि उकडलेली कोंबडी. दुसरं काही देत नाहीत. तुमच्या मागे आले आणि आजीचा वाफवलेला भात, वर चटणीतलं डुकराचं मटण… मला हलवेचना.”

सुक-हान तिला घरी घेऊन आली. सासूबाईंनी वाढलं. चिंगनं चार वाट्या भात खाल्ला, मधे एकदा रडली, मग पाचवी मागितली.

पंधरा दिवसांनी आशियाई स्पर्धेसाठी नवं कोरं शीड आलं आणि गच्चीवर जाऊन बसलं. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःहून सगळ्या थाळ्या गच्चीवरून उतरवल्या आणि जिन्याला कुलूप घालून किल्ली सुनेच्या हातात दिली.

“आता माझा हातही लागणार नाही. वचन.”

सुक-हाननं किल्ली घेतली. खिडकीतून आभाळाकडे जरा वेळ पाहिलं.

“आई,” ती म्हणाली, “उद्या ऊन चांगलं आहे. थाळ्या वर कधी नेताय?”