हमीदचाचांची केसाएवढी फट

हमीदचाचा ड्यूटीवर आले की आधी ब्लोअरला सलाम करायचे. साहेबाला नंतर, जमलं तर.

सौदीतल्या अल खफजीच्या सांडपाणी प्रकल्पात मी लॅबमध्ये, ते ब्लोअरवर. टाकीतले जंतू घाण खातात, त्यांना जगायला हवा लागते. ती टाकीच्या तळाशी ढकलायचं काम या यंत्राचं. आत पंखा असेल असं मला वाटायचं. चाचांनी कपाळावर हात मारला. "पंखा वारा घालतो रे सावंत. ह्यो हवा उचलून नेतो!"

एकदा दुरुस्तीला उघडलेलं यंत्र त्यांनी दाखवलं. आत आठाच्या आकड्यासारखे, आपल्या नव्हे, इंग्रजी आठासारखे, दोन जाडजूड लोखंडी ठोकळे. एकमेकांच्या उलट फिरायचे, कडेच्या पोकळीत हवेचा घास धरायचा आणि पलीकडे नेऊन सोडायचा.

"हे मियाँ-बीबी," चाचा म्हणाले, "नि बाजूचे गिअर म्हंजे काझी. काझीनं लावून दिलेल्या चालीनं फिरायचं, पण टेकायचं नाय. मधी केसाएवढी फट हवी. टेकले की खलास!"

या फटीचं त्यांना वेडच होतं. ताटात भात आणि डाळीमध्ये फट, कॅम्पच्या खोलीत त्यांच्या आणि माझ्या खाटांमध्ये फट. कुणाचं भांडण झालं की निदान ठरलेलं, "फट नाय राखली."

मग सौदीकरण आलं, म्हणजे नोकऱ्या आधी सौदी माणसांना. चाचांच्या जागी फहद नावाचा स्थानिक माणूस नेमला. चाचांनी त्याला इतकं मन लावून शिकवलं की तोही ब्लोअरला 'मियाँ-बीबी' म्हणू लागला. नोकरी गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर फारसं दिसेना, पण बॅग भरताना ते एकाच सदऱ्याची पुन्हा पुन्हा घडी घालू लागले. मी खोदून विचारलं.

"निकाह झाला नि मी हिकडं आलो," ते म्हणाले. "हलीमा दापोलीला, मी हिकडं. सुट्टीत जायचो तो पाहुण्यावानी. कधी भांडण नाय, तंटा नाय. आता रोज एका घरात रे! फट कशी राखू?"

मला हसायचं होतं, पण हसलो नाही. या माणसाला बायकोची भीती नव्हती, फक्त तिच्यासोबत राहायची सवय नव्हती.

ते दापोलीला गेल्यावर काही दिवसांनी मी फोन केला. पलीकडे भांडं आदळलं, हलीमाबाईंचा आवाज चढला. चाचा कुजबुजले, "टेकलो रे सावंत. रोज टेकतो. लई खडखडाट हाय."

मग म्हणाले, "पण खलास नाय झालं. मशीन चालू हाय."