पाहुणा बोलला की कुरकुर

त्या दिवशी मी मागच्या दाराने घरात आलो. चूक म्हणायची तर एवढीच. पुढच्या दाराने आलो असतो तर पुढचं काही झालं नसतं आणि हे लिहायची वेळ आली नसती. लिहिणं माझं काम नाही. मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, आणि त्यातली अर्धी मास्तरांच्या खुर्चीचा पाय दुरुस्त करण्यात गेली.

मागच्या दाराने यायचं कारण म्हणजे पायांना लाकडाचा भुसा लागला होता. भुसा पुढच्या खोलीत आला की बायको बोलते. म्हणून मी स्वतःच्या घरात चोरपावलांनी शिरलो. स्वयंपाकघरात सूनबाई माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती.

"काय सांगू, कुरकुर फार वाढलीय. पाहुणा बोलायला लागला की मधेच सुरू! सगळ्यांना ऐकू जाते. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला."

मी दारातच थांबलो.

"नाही हो, बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? वाईट वाटेल त्यांना. जुनं झालं की असंच व्हायचं... हो, अडगळीच्या खोलीत चालेल. बाबांना कळायच्या आत गुपचूप हलवून टाका."

मी भुशासकट परत बाहेर गेलो आणि पायरीवर बसलो.

सूनबाई रेडिओवर मुलाखती घेते. रोज सकाळी दोन पाहुणे. कधी लेखक, नाहीतर पेपरात नाव आलेला एखादा माणूस. मोठमोठ्या लोकांना ती हसत हसत आडवे प्रश्न विचारते. मला त्या पोरीचा अभिमान आहे. (तिला सांगितलेलं नाही. सांगायची काय गरज?) तिने माझ्याबद्दल असं बोलावं?

आणि मी कुरकुर करत नाही. मी माहिती देतो. मागच्या रविवारी तिचे वडील आले होते. ते नव्या घराचं कौतुक सांगायला लागले. मी एवढंच म्हणालो की तुमचा दरवाजा फुगणार, कपाट वाकणार आणि जिना कोणाच्या तरी जिवावर उठणार. याला कुरकुर म्हणतात का?

पण म्हणत असतील तर? अडगळीची खोली मला माहीत आहे. तिथे खिडकी नाही. उंदराचा सापळा आहे. तो मीच लावलाय.

पायरीवरून उठताना मी ठरवलं. आजपासून तोंडाला कडी. कोणी काहीही करो, आपण एकच शब्द बोलायचा. छान.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहा ठेवला. त्यात साखर नव्हती. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, "छान."

बायकोच्या हातातली बशी थांबली. तिने माझ्या कपाळाला हात लावला.

"अहो, बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय."

"अगं बाई! अरे, इकडे ये लवकर! बाबा छान म्हणाले!"

मुलगा तोंडात ब्रश घेऊन धावत आला.

"कशाला म्हणाले?"

"चहाला!"

"कोणाकडच्या?"

"आपल्याच!"

मुलाने ब्रश तोंडातून काढला आणि गंभीरपणे विचारलं, "बाबा, आज वार कुठला?"

चांगलं वागणाऱ्या माणसाला घरात किती संशयाने बघतात, हे त्या आठवड्यात कळलं. डॉक्टरला बोलावलं. त्याने जीभ बघितली आणि म्हणाला, "ठीक आहे. वापर कमी झालाय, एवढंच." मग घरच्यांची भीड चेपली. मुलाने विचारलं, पुढच्या खोलीला पोपटी रंग देऊ का? छान. शेजाऱ्याने माझी चांगली करवत मागितली. त्या करवतीने तो पत्रा कापणार होता. छान. बायको म्हणाली, "दादा दोन महिने राहायला येईन म्हणतोय." तिचा दादा पहाटे उठून जोरजोरात गुळण्या करतो. मी भिंतीकडे बघितलं. भिंत पोपटी होती. म्हणालो, "छान."

सूनबाई मात्र माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी समजलो, खोली झाडून झाली असणार.

अशातच ती सकाळ उजाडली. सूनबाई नेहमीप्रमाणे केंद्रावर गेली होती. आम्ही तिघं रेडिओसमोर बसलो. (एरवी मीही बसतो, पण मध्ये मध्ये पाहुण्यांना माहिती देतो. मधमाशांवर पुस्तक लिहिणारा आला होता तेव्हा म्हणालो होतो, मधमाशा ते वाचणार आहेत का? पाहुण्यांना ते ऐकू जात नाही, हा त्यांचा तोटा.) त्या दिवशी पाहुणा म्हणून पाणीपुरवठ्याचा मोठा साहेब होता. दोन्ही मुठी आवळून मी गप्प बसलो.

"पाणी रोज येईल का?" सूनबाईने विचारलं.

"नक्की," साहेब म्हणाला. कुर्रर्र. "अगदी नक्की." कुर्र-कुर्र.

"हे काय वाजतंय?" मी विचारलं.

"खुर्ची," बायको म्हणाली.

"कोणाची?"

"तुमची. दुसऱ्या कोणाची असणार?"

सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी केंद्रावर चाकांच्या खुर्च्या होत्या. बोलता बोलता पाहुणा मागे सरकायचा आणि त्याचा आवाज बारीक व्हायचा. सूनबाईने ते घरी गमतीत सांगितलं. मी गमतीत काही ऐकत नाही. पक्क्या लाकडाची खुर्ची केली आणि नेऊन ठेवली. चार माणसांनीही हलणार नाही अशी.

"माझी खुर्ची वाजते?"

"चार महिने झाले, रोज वाजते. तुम्ही रोज बोलत असता. ऐकू कशी येणार?"

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? पोरगी रडकुंडीला आलीय. त्यांचे साहेब म्हणतात, कुरकुर फार होते, टाका अडगळीत. ही म्हणते, बाबांना कळता कामा नये. गेल्या आठवड्यात फोनवर तेच तर चाललं होतं. आज संध्याकाळी हलवणार आहेत."

मी पाणी मागितलं.

म्हणजे मला काढणार नव्हते. माझ्या खुर्चीला काढणार होते. पहिल्यांदा बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. माणूस म्हातारा होतो, कुरकुरतो, त्याला कोणी हलवलं तर एक वेळ समजण्यासारखं आहे. पण माझ्या हातची खुर्ची? सगळं गाव बोट दाखवेल. मी हत्यारांची पिशवी उचलली.

"अहो, कुठे?"

"तुझ्या दादाला सांग, येऊ नकोस," म्हणालो आणि निघालो.

"बरे झाले!" मागून मुलगा ओरडला. "आई, बाबा बरे झाले!"

केंद्राच्या दारातला रखवालदार मला ओळखतो. त्याने सोडलं. पाणीवाला साहेब गेला होता, गाणं चालू होतं आणि सूनबाई दुसऱ्या पाहुण्याला आणायला बाहेर गेली होती. मुलाखतीची खोली रिकामी. मी खुर्ची उलटी केली. मागच्या पायाची पाचर सुकून सैल झाली होती. तिथली ती यंत्राची थंड हवा, दुसरं काय. (चूक माझी नव्हती.) नवी पाचर ठोकली, खुर्ची सरळ केली, वर बसून डुललो. आवाज नाही.

तेवढ्यात हातोडी घरंगळत टेबलाखाली गेली. टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड. मी आत वाकलो. गुडघे दुमडायला वेळ लागतो, उलगडायला त्याहून जास्त. मी वळेपर्यंत दार उघडलं, दोन जणांचे पाय आत आले, खुर्ची ओढली गेली, आणि कापडाच्या फटीतून मला लाल दिवा दिसला.

लाल दिवा लागला की शिंकसुद्धा बाहेर जाते. हे मला माहीत होतं. मी हातोडी पोटाशी धरली.

पाहुणा बसला. चांगला वजनदार होता. मागे टेकला, पुढे आला, पायावर पाय टाकला. खुर्ची गप्प. मी जन्मात अनेक आवाज ऐकले, पण त्या गप्प बसण्यासारखं गोड काही ऐकलं नाही. आता कोण हलवतो बघू!

"श्रोतेहो, नमस्कार," सूनबाई म्हणाली.

घात इथे झाला. हा नमस्कार ऐकला की माझं तोंड आपोआप उघडतं. वर्षानुवर्षांची सवय. त्यात आठवडाभराचं तुंबलेलं.

पाहुणा लेखक होता. लहानशा होडीतून एकट्याने समुद्र पार केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. टेबलावर ते मी बघितलं होतं. मुखपृष्ठावर होडीत दोन्ही हात उंचावून उभ्या असलेल्या लेखकाचा फोटो.

"समुद्रात मी एकटा," तो सांगत होता. "सोबतीला ना माणूस, ना पाखरू."

"मग फोटो कोणी काढला?"

हे मी म्हणालो. म्हणजे कोणीतरी म्हणालेलं मला ऐकू आलं, आणि टेबलाखाली दुसरं कोणी नव्हतं.

पाहुण्याचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. सूनबाईचे जागेवरच राहिले. तिला घाबरवणं सोपं नाही.

"को... कोण बोललं?"

"श्रोतेहो," सूनबाई शांतपणे म्हणाली, "आमच्या स्टुडिओतली खुर्ची जुनी आहे. अधूनमधून कुरकुरते. लक्ष देऊ नका." आणि तिच्या चपलेचं टोक माझ्या गुडघ्यावर बसलं. आदराने, पण जोरात.

थोड्या वेळाने पाहुणा खुर्चीच्या हाताला म्हणाला, "कॅमेऱ्याला टायमर असतो."

असतो का? मला माहीत नव्हतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण तो म्हणाला, समुद्राने मला मौन शिकवलं.

"म्हणून तासभर बोलतोय!"

"खुर्ची," सूनबाई म्हणाली.

त्यानंतरही खुर्ची तीन-चारदा बोलली. एकदा तर पाहुण्याने तिला उलटा प्रश्न केला.

मुलाखत संपल्यावर टेबलाखालून निघून घरी आलो तेव्हा मुलगा जमिनीवर लोळून हसत होता. बायकोने चहा दिला. एवढंच म्हणाली, "छान वाजली."

संध्याकाळी सूनबाई आली. चप्पल काढायच्या आत मी विचारलं, "खुर्चीचं काय झालं?"

"राहिली, बाबा. आमचे साहेब स्वतः बसून डुलले. जराही वाजत नाही."

मी बायकोकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं.

"श्रोत्यांचे खूप फोन आले," सूनबाई म्हणाली. "सगळे खुर्चीबद्दलच बोलत होते."

"बोलणारच. काम आहे ते. काय म्हणाले?"

ती जरा घुटमळली. तिला कोणाचं मन मोडवत नाही.

"म्हणाले, आधीची कुरकुर परत आणा. ती पाहुण्याला मध्ये मध्ये बोलू तरी द्यायची."