साठ ग्रॅम भात आणि राणीचा ब्लाउज

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं आजवरचं लिखाण म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय, त्यांना माझ्या चुकीमुळे तीन आठवडे अर्धपोटी राहावं लागलं. तेव्हा आधी माफी मागतो आणि मग परब काकांची ओळख करून देतो.

परब काका जेवायला बसताना पंखा बंद करतात. वाऱ्याने काटा हलतो, असं त्यांचं म्हणणं. कांदिवलीला आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांचं दार आमच्या दारासमोरच आहे. त्यामुळे बनियनमधले घामाने निथळणारे काका, समोर इलेक्ट्रॉनिक काटा, आणि त्यावरच्या वाटीतून एकेक शीत काढून परत पातेल्यात टाकणारी त्यांची बोटं, हे मी कित्येक दिवस पाहिलं आहे.

काका मूळचे मालवणकडचे. अंधेरीच्या एका छापखान्यातून निवृत्त झाले. काकू जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून एकटेच राहतात. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या गावच्या जत्रेत दशावतार होतो. त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि काका बावीस वर्षं राणी होत आले आहेत. राणीचा जरीकाठी हिरवा ब्लाउज त्यांच्या खिडकीजवळ खिळ्याला टांगलेला असे. दर रविवारी काका तो घालून बघत. पुढचे हूक दोन बोटं लांब राहत. मार्गशीर्षातल्या जत्रेपर्यंत तो बसायला हवा होता.

शेजारच्या सावंत वहिनींना हे मुळीच पटत नव्हतं.

"अहो काका, टेलरला द्या की! थोडा सैल केला की झकास बसेल. उपाशी कशाला मरताय?"

"टेलराक हात लावूक देवचंय नाय."

"मग तुमचं नाटक मंडळ नवीन शिवून देतंय ना?"

"ह्योच. नायतर राणी नाय."

वहिनी माझ्याकडे वळून म्हणायच्या, "वाट लागलीय रे ह्यांची. ब्लाउजात काय सोनं शिवलंय काय?"

खालच्या जिममधल्या पोराने काकांना आहाराचा एक तक्ता दिला होता. तो इंग्रजीत होता. आमच्या मजल्यावर इंग्रजी कागद आला की दार माझं वाजतं. मी मोठ्या उत्साहाने मराठीत उतरवून दिला. कार्बोहायड्रेट म्हणजे काय, प्रोटीन म्हणजे काय, फॅट म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. काकांनी लगेच तिघांना कामं वाटली.

"भात म्हणजे राजा. सिंहासन मोजून देवचा. बांगडो, अंडी, कुळीथ ही फौज, ती भरपूर होयी. आणि खोबरा म्हणजे संकासुर!"

संकासुर म्हणजे दशावताराच्या सुरुवातीलाच येऊन धिंगाणा घालणारा असुर. काकांनी त्याला थेट हद्दपार केलं. खोबरं बंद, तेल बंद. मालवणी माणसाने नुसत्या पाण्यातला बांगडा खाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही.

तक्त्यात एका वेळचा भात साठ ग्रॅम होता. मी शिजलेला भात असं लिहून दिलं. साठ ग्रॅम शिजलेला भात म्हणजे चार-पाच घास. काका तेवढाच खात राहिले. मी उतरवलेला कागद त्यांनी देवाच्या तसबिरीखाली चिकटवला होता.

तीन आठवड्यांनी लिफ्ट बंद होती, म्हणून ते बाजारातून जिन्याने वर येत होते. पाचव्या मजल्यावर त्यांना घेरी आली. पिशवीतले बांगडे पायऱ्यांवरून चौथ्या मजल्यापर्यंत गेले. मी आणि सावंत वहिनींनी त्यांना दवाखान्यात नेलं.

वहिनींनी तसबिरीखालून काढून आणलेला माझा कागद डॉक्टरबाईंनी वाचला. "साठ ग्रॅम कच्चा तांदूळ असेल तो. शिजल्यावर जवळजवळ तिप्पट होतो. हे कुणी लिहिलं?"

मी जमिनीकडे बघितलं. काका म्हणाले, "माझीच चूक. चष्मो नव्हतो."

त्यांना चष्माच नाही.

डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "आणि तेल, खोबरं एकदम बंद कशाला? थोडं फॅट शरीराला लागतंच. कार्बोहायड्रेट, प्रोटीन, फॅट, तिन्हींना जागा द्या आणि घाई करू नका."

रिक्षात काका म्हणाले, "बरोबर आसा. संकासुर इल्याशिवाय नाटक सुरू होणा नाय. येतलो, नाचतलो, जातलो. पण रात्रभर ठेवचो नाय." तेव्हापासून आमटीत रोज एक चमचा खोबरं आलं. आणि काकांना एक नवा प्रश्न सापडला. कुणीही काहीही सांगितलं, की ते विचारत, "कच्चो की शिजलेलो?" वहिनींच्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हाही हेच विचारलं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. काकांनी मला बसवलं, खिळ्यावरचा ब्लाउज काढला आणि उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला.

आतल्या शिवणीजवळ सुईच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीशेजारी एक. दोन रांगांमधलं कापड एकेका पट्टीने जास्त गडद होत गेलेलं.

"बावीस वर्सां मी सगळ्यांका सांगी, माझो ब्लाउज तोच, माझा आंग तसाच. तुझी काकू हसा. दर जत्रेआधी एक शिवण उसवून नवी घाली. माका कधी कळूक देवक नाय."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"टेलराकडे नेलंय तेव्हा. तो म्हणालो, काका, कोणीतरी दरवर्षी सोडत इला हा. अजून अर्धा बोट कापड आसा, उसवू? त्याने ब्लेड घेतल्यान हातात." काकांनी शेवटच्या रांगेवरून अंगठा फिरवला. "ह्ये टाके तिचे. शेवटचे. मी हिसकावून घेवन इलंय."

त्यानंतर भात मी स्वतः मोजून दिला. कच्चा. महिन्या-महिन्याने हूक जवळ आले. काका गावी निघाले तेव्हा अजून अर्धं बोट अंतर होतं. माझी परीक्षा होती, म्हणून मी गेलो नाही.

जत्रा झाली. दोन दिवस फोन लागत नव्हता. त्यांच्या गावात रेंज धड नसते. सावंत वहिनी रोज दारात येऊन विचारायच्या, "काय रे, कळलं काय?" तिसऱ्या दिवशी मी पेपर देऊन बाहेर पडलो आणि फोन वाजला.

"झिला, पेपर कसो गेलो?"

"बरा गेला. काका, ब्लाउज?"

"शेवटचो हूक लागूक नाय," काका म्हणाले. "वरून पदर घेतलंय."

पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"पण टाको एक तुटूक नाय रे," काका म्हणाले. "एकपण नाय."