गिटार, नग एक

मनुष्याच्या हातून आजवर ज्या चुका झाल्या त्यांतील बहुतेक वस्तू नीट न तपासता घेतल्यामुळे झाल्या. आणि ज्याने वस्तू घेतलीच नाही, त्याच्या हातून अशी चूक झाल्याची नोंद कोठेही सापडत नाही. हे तत्त्व सर्वांना पटते. आचरणात आणणारे मात्र फार थोडे.

बेअरिंगच्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभाग सांभाळून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या थोड्यांपैकी होते. हाताखालचे लोक त्यांना पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत आणि समोर ‘मायक्रोमीटरसाहेब’. नोकरीच्या काळात त्यांनी दोन लाखांहून अधिक नग नाकारले होते, आणि नाकारलेल्या एकाही नगाबद्दल पुढे तक्रार आली नव्हती. (स्वीकारलेल्यांबद्दल आल्या.)

प्रकरण सुरू झाले ते त्यांच्या पत्नीच्या डाव्या हातापासून. ग्रंथालयातली नोकरी संपून वर्ष होते न होते तोच त्यांची बोटे आखडू लागली. हाडांच्या डॉक्टरांनी एकेक बोट दाबून, वाकवून पाहिले आणि विचारले, “पूर्वी काही वाजवत होतात का?”

“गिटार. लग्नाआधी, आणि नंतरही काही वर्षं.” (ती गिटार एका बदलीच्या वेळी सामानाच्या यादीत ‘किरकोळ’ या सदरात चढली होती, नव्या घरी उतरली नाही.)

“मग तीच सुरू करा. रोज अर्धा तास. पण उशीर करू नका हं. बोटं एकदा आखडून बसली की पुन्हा ऐकत नाहीत.” आणि त्यांनी कागदावर लिहून दिले: ‘गिटार, रोज अर्धा तास.’

दुसरा कोणी नवरा असता तर तो कागद घेऊन सरळ दुकानात गेला असता. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्यातली त्रुटी तत्काळ हेरली. साधी गोळीसुद्धा किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, हे लिहिल्याशिवाय न देणाऱ्या डॉक्टरांनी गिटारीची लांबी, रुंदी, लाकूड आणि उत्पादक यांविषयी चकार शब्द काढला नव्हता. ही उणीव भरून काढणे हे पती म्हणून त्यांचे कर्तव्यच ठरत होते.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः साहेब. सदस्य त्यांचे जावई, ज्यांनी गिटारीवरचे अनेक व्हिडिओ पाहिले होते. पत्नींनाही सदस्य करून घ्यावे असा विचार झाला. परंतु वस्तू प्रत्यक्ष त्याच वापरणार असल्याने त्यांचे मत पक्षपाती होईल, अशी रास्त शंका आली. त्यांचे म्हणणे मात्र नोंदवून घेण्यात आले.

“अहो, सहा तारा असल्या की झालं,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी वहीत लिहिले: ‘वापरकर्तीची अपेक्षा: अपुरी.’

पहिल्या महिन्यातच पर्याय दोनवर आले. एक, जिचे नाव गिटार न पाहिलेल्यालाही ठाऊक असते अशी कंपनी. दोन, टायरच्या दुकानामागच्या बोळात एकट्याने वर्षाला सात गिटारी घडवणारा एक कारागीर, ज्याचे नाव त्याच्या दारावरही नव्हते.

कंपनीच्या दुकानात गालिचा होता, थंडगार हवा होती आणि काळा शर्ट घातलेला विक्रेता होता. साहेबांनी एकाच प्रकारच्या तीन गिटारी खाली उतरवून घेतल्या आणि मोजल्या. तिन्हींच्या मानेची (म्हणजे डावा हात जिच्यावरून फिरतो त्या लांब दांडीची) रुंदी त्रेचाळीस मिलिमीटर भरली. फरक शून्य पूर्णांक दोन दशांशाच्या आत. साहेबांना भरून आले. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांना कशानेच झाला नव्हता. परंतु आनंद ओसरल्यावर दोष दिसला. तिन्ही जर अगदी सारख्या, तर त्यांतून निवडायचे काय? जेथे निवडीला वाव नाही तेथे समितीला काम नाही, आणि जेथे समितीला काम नाही तेथे खरेदी झाली तरी तिला निवड म्हणता येत नाही.

“सर, आजन्म हमी आहे,” विक्रेता म्हणाला.

“कोणाचा जन्म?” साहेबांनी विचारले. हमीपत्रात तसा खुलासा नव्हता.

कारागिराकडे नेमका उलटा दोष होता. त्याच्या कोणत्याही दोन गिटारी सारख्या नव्हत्या, आणि त्याला याची लाज वाटत नव्हती. तो लाकडाची फळी कानाशी धरी, बोटाच्या पेराने टकटक करी आणि पुष्कळदा ती परत कोपऱ्यात ठेवून देई. नाकारण्याची ही सढळ पद्धत साहेबांना आवडली, पण नाकारण्याचे कारण तो लेखी देत नव्हता. नमुन्याची गिटार आणि प्रत्यक्ष मिळणारी गिटार एकच असेल याची खात्री काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, नमुना केला तेव्हाचा मीच आता राहिलो नाही, तर गिटार कुठून राहणार?” साहेबांनी वहीत लिहिले: ‘उत्पादक अस्थिर.’

पण साहेबांच्या नजरेने खरी गोष्ट हेरली ती वेगळीच. दोघांनीही, एकमेकांना न भेटता, एकच मागणी केली होती.

“मॅडमना घेऊन या ना सर, वाजवून बघू दे,” असे विक्रेता म्हणाला होता.

“आकडे नका दाखवू, साहेब. हात आणा,” असे कारागीर म्हणाला. (हात पाठवण्याची तरतूद प्रक्रियेत नव्हती.)

दोन प्रतिस्पर्धी पुरवठादार एका मुद्द्यावर असे एक होतात तेव्हा काय समजायचे असते, हे तपासणी विभागात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. साहेबांनी दोघांच्याही नावापुढे ‘संगनमत?’ असे लिहून प्रश्नचिन्ह अधोरेखित केले.

यानंतर प्रक्रियेने खरा वेग घेतला. मान किती रुंद असावी हे वाजवणाऱ्याची बोटे किती वाकतात यावर ठरते, असे साहेबांच्या वाचनात आले होते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहा झाल्यावर, पत्नी टेबलावर डावा हात ठेवीत आणि साहेब धातूच्या कोनमापकाने अनामिका आणि करंगळी मोजीत. पहिल्या महिन्यात अनामिका ब्याण्णव अंश वाकत होती, दुसऱ्यात एकोणनव्वद, तिसऱ्यात शहाऐंशी, चौथ्यात ब्याऐंशी. करंगळी चौऱ्याऐंशीवरून सहासष्टवर आली. कोन बदलला की मानेचे माप बदले. माप बदलले की आधीची तुलना रद्द होई. नवी तुलना पुरी होईपर्यंत महिना उलटे आणि तोवर बोटे आणखी थोडी आखडत. एवढ्या अडचणी असूनही साहेबांनी एकही मोजणी चुकवली नाही, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

“दुखतंय का?” ते कोनमापक बसवताना विचारीत.

“मोजताना नाही,” पत्नी म्हणत.

जावयांचेही सहकार्य मोलाचे होते. “बाबा, नावाजलेलीच घ्या,” ते दर बैठकीत सांगत. “उद्या विकायची झाली तर भाव येतो.” गिटार घरात येण्यापूर्वीच ती घराबाहेर कशी जाईल याचा विचार करणारा सदस्य समितीला लाभणे दुर्मीळ. त्यांच्या सूचनेवरून ‘पुनर्विक्री’ हा सत्ताविसावा निकष घालण्यात आला. सव्विसावा ‘आवाज’ होता. त्यासाठी साहेबांनी कारखान्यातून कंप्रेसरचा गोंगाट मोजायचे यंत्र मागून आणले होते. त्यानुसार दोन्ही गिटारी कंप्रेसरपेक्षा सरस ठरल्या.

चौथ्या महिन्यात पत्नीची धाकटी बहीण दोन दिवस राहायला आली. तिला समितीची कार्यपद्धती समजावून सांगितल्यावर ती वहीचे पान न पान उलटून पाहू लागली. साहेबांना वाटले, प्रभावित झाली.

“भाऊजी,” ती शेवटी म्हणाली, “ताईशी लग्न ठरवायला तर तुम्हाला अर्धा तास पुरला होता.”

“त्या वेळी पर्याय एकच होता,” साहेबांनी वस्तुस्थिती मांडली.

“माझ्याकडे दोन होते,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

धाकटी हसत सुटली. साहेबांनी या विधानाची नोंद घेतली नाही, कारण ते विषयपत्रिकेवर नव्हते. पण त्या रात्रीच्या जेवणात त्यांना मीठ घातले आहे की नाही ते कळले नाही.

पाचव्या महिन्यात एक आश्चर्य घडले. पहिल्या रविवारी अनामिका चौऱ्याऐंशी भरली. साहेबांनी कोनमापक पुसून पुन्हा लावला. चौऱ्याऐंशीच. सहाव्या महिन्यात सत्त्याऐंशी, सातव्यात नव्वद. करंगळी मात्र सहासष्टवरच अडून राहिली.

या सुधारणेचे कारण शोधताना साहेबांनी एकेक शक्यता पद्धतशीरपणे बाद केली. औषध तेच होते. आहार तोच होता. हवामान उलट बिघडले होते. पाचव्या महिन्यापासून बदललेली गोष्ट एकच: साहेब रोज चार ते सहा या वेळेत पुरवठादारांच्या तिसऱ्या फेरीसाठी बाहेर पडू लागले होते. निष्कर्ष उघड होता. गिटार निवडण्याच्या प्रक्रियेचाच बोटांवर अनुकूल परिणाम होत होता. साहेबांनी डॉक्टरांसाठी चार पानांचे टिपण तयार केले आणि इतर रुग्णांच्या घरच्यांनीही गिटार निवडायला घ्यावी (विकत घेण्याची घाई न करता), अशी शिफारस केली.

डॉक्टरांनी टिपण बाजूला ठेवले आणि बोटे वाकवून पाहिली. “अरे वा! छान मोकळी झाली आहेत. कोणती घेतलीत?”

“अजून घेतलेली नाही,” साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी पत्नींकडे पाहिले. पत्नी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होत्या.

“बरं,” डॉक्टर म्हणाले. “जे चाललंय ते चालू ठेवा. करंगळी मात्र आता एवढीच. थोडं आधी सुरू झालं असतं, तर तीही सुटली असती.”

“आधी म्हणजे केव्हा?” साहेबांनी पेन काढले.

“मी कागद दिला त्या दिवशी.”

साहेबांनी तारीख लिहिली. मग ती लिहिलेली आहे ना, हे पाहण्यासाठी पुन्हा वाचली. घराशी रिक्षातून उतरताना त्यांनी पत्नींचा डावा हात धरला. धरल्यावर किती जोराने धरावा हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून लगेच सोडला.

तरीही ‘जे चाललंय ते चालू ठेवा’ हा वैद्यकीय आदेश होता. साहेब आठव्या महिन्यातही चार वाजता बाहेर पडत राहिले. एके दिवशी मालाची मोजदाद चालू असल्याने कंपनीचे दुकान बंद निघाले आणि कारागिराच्या दाराला कुलूप होते. साहेब साडेचारलाच परतले.

दार उघडताच आतल्या खोलीतून सूर आले. साहेब बूट न काढता उंबऱ्याशी उभे राहिले. आठ महिन्यांत त्यांनी सव्वीस गिटारी मोजल्या होत्या; ऐकलेली ही पहिली. पत्नी खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. करंगळी बाजूला ठेवून तिचे काम त्या अनामिकेकडून करवून घेत होत्या. एका जागी सूर अडखळे, मागे येई, आणि त्याच जागेवरून पुन्हा हलकेच पुढे जाई. खोलीतली हवा निराळी झाली होती. संसारात अशी एखादी वेळ येते की माणसाने काहीतरी बोललेच पाहिजे. ते साहेबांना जाणवले, आणि ते बोलले.

“कोणत्या कंपनीची?”

पत्नींनी मान वळवली नाही. “धाकटीच्या कपाटावर पडून होती. तिने पाठवून दिली. खाटेखाली ठेवते मी.” (खाटेखालची जागा पुरवठादारांच्या यादीत नसल्याने तेथे चौकशी झाली नव्हती.)

“ते झालं. पण कंपनी?”

“आत चिठ्ठी चिकटवलेली आहे वाटतं. मी कधी बघितली नाही.”

साहेबांनी टॉर्च आणला. पत्नींनी तारांवर तळहात ठेवला, तसे सगळे शांत झाले. साहेब गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला आणि दुसरा गिटारीच्या भोकाला लावला. चिठ्ठी अर्धी फाटली होती आणि शाई उडाली होती. नीट पाहिले तर ते त्या मोठ्या कंपनीचे नाव वाटे. आणखी नीट पाहिले तर कोणीतरी हाताने काहीतरी लिहिल्यासारखे वाटे. अकरा मिनिटे गेली.

“अहो, झालं का? माझा अर्धा तास व्हायचाय अजून.”

“एक मिनिट. जरा उजेडाकडे धर.”

वाचकांनी येथवर जी चिकाटी दाखवली तिची समितीने दखल घेतली आहे. टॉर्च लागला तेव्हा आपणही साहेबांच्या खांद्यावरून वाकून आत पाहिलेत, आणि चिठ्ठीवर काय होते ते अजून सांगितले नाही म्हणून आपण किंचित नाराज आहात. समितीवर तिसऱ्या सदस्याची जागा रिकामी आहे. आपण अवश्य यावे. त्या बाई कोणते गाणे वाजवत होत्या, असे ज्यांना आधी विचारावेसे वाटले त्यांनी मात्र अर्ज करू नये. अर्थात, तसा अर्ज अद्याप एकही आलेला नाही.