सोळाव्या सोमवारी कॅरोलबाई गेल्या

“खुना बी करायच्या नाय. खूण म्हंजे हातानं बोलणंच,” असं सांगून नवसाबाईंनी डोळे मिटले, त्याला सहा वर्षं झाली. महादेवाला बोललेले मौनाचे सोळा सोमवार त्यांच्याकडून राहिले होते. ते पुरे करायचा शब्द सुनेनं, सुवर्णानं, दिला. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तोंड बंद. मध्ये शब्द निसटला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा नवव्या सोमवारी शेवंतीच्या वाफ्यात म्हैस शिरली. एकदा बाराव्याला नवऱ्यानं, पुंजारामनं, चष्मा कुठंय म्हणून चौथ्यांदा विचारलं आणि तो त्याच्या कपाळावरच होता. सुवर्णा थकली होती. व्रतानं नाही, पहिल्यापासून सुरू करण्यानं.

यंदा मात्र पंधरा झाले होते.

माडीवर पाहुण्या होत्या कॅरोलबाई. लेक स्नेहल अमेरिकेत ज्यांच्या घरी राहून शिकत होती, त्या. चौतीस वर्षं त्या ऑपेरात, म्हणजे तिकडच्या गाऊनच बोलायच्या नाटकांत, होत्या. लहानपणी चर्चमध्ये गायच्या. मग आठ वर्षं मुख्य गायिकेचा घसा बसायची वाट पाहत पडद्यामागे काढली. एकदाचा तो बसला आणि ह्या उभ्या राहिल्या. पुढे नायिकाच. तिथल्या नायिका शेवटी मरतात, क्षयानं नाही तर खंजिरानं. कॅरोलबाई नऊशे वेळा मेल्या आणि दमून निवृत्त झाल्या. मंगळवारी गावच्या शाळेत मुलांना त्यातलं एक मरण दाखवायचं ठरलं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी तालीम धरली.

शेजारच्या लंकाबाई झेंडू तोडत होत्या. त्यांनी माडीवरून लांबच लांब टाहो ऐकला, वर धावल्या, तर बाई छाती धरून गादीवर कोसळलेल्या. तशाच खाली आल्या.

“सुवर्णे, तुझी पाव्हणी गेली का गं?”

सुवर्णा वाती वळत होती. तालीम कशी असते ते कॅरोलबाईंनी तिला कालच करून दाखवलं होतं. पण सांगणार कशी? मानही हलवायची सोय नव्हती. ती वाती वळत राहिली.

“धक्का बसलाय हिला,” लंकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आळी गोळा केली.

इकडे कॅरोलबाई निपचित. पडदा पडेपर्यंत नायिकेनं उठायचं नाही, हा त्यांच्या गुरूंचा दंडक. श्वास पोटात लपवायची तर जन्माची सवय. भोवती बायका रडत होत्या. इतकं मनापासून रडणारे प्रेक्षक त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाले नव्हते. कुणीतरी ओठांवर तुळशीपत्र ठेवलं, तेही त्यांनी मानाचं समजून घेतलं. दवाखान्यात न्यायला लंकाबाईंच्या लेकानं, चंदरनं, पिकअप आणली. झेंडूचे क्रेट उतरवायला वेळ नव्हता म्हणून बाईंना फुलांवरच निजवलं. पुंजाराम फूलबाजारातून धापा टाकत आला आणि बायकोचा कोरडा चेहरा पाहून स्वतःच रडू लागला.

तेवढंही सुवर्णानं सोसलं. दवाखान्यात डॉक्टर सांगतीलच, सूर्य मावळेल, सोळा होतील.

मग लंकाबाईंनी फोन काढला. “स्नेहलला तरी कळवते. पोरगी तिकडं एकटी हाय, कसं सोसंल माय.”

फोनची रिंग जाऊ लागली. सुवर्णानं वात खाली ठेवली.

“ठेवा तो फोन. जित्ती हाय ती. नाटकात मेलीय.”

बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं. कॅरोलबाईंना वाटलं, पडदा पडला. त्या झेंडूतून उठल्या आणि कमरेत वाकून त्यांनी सगळ्यांना अभिवादन केलं. दोन बायका मागं सरल्या.

दुपारी स्नेहलनं फोनवर त्यांना सगळं समजावलं. मग स्नेहलकरवी निरोप आला, “आई, त्यांनी तिकीट चार महिने पुढं ढकललंय. तुझे सोळा होईपर्यंत एकदाही मरणार नाही म्हणतात.”

“बरं,” सुवर्णा म्हणाली. त्या दिवशी तिला बोलायला मोकळीक होती, पण बोलावंसं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी, पहिल्या, ती आंघोळ करून ओसरीवर आली. पायरीवर कॅरोलबाई सुती लुगड्यात बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. गळ्यात पुंजारामकडून लिहून घेतलेली पाटी: “दोघी जित्या हायेत. दिवेलागणीनंतर या.”

सुवर्णाला हसू आलं. हसण्याबद्दल नवसाबाई काही बोलल्या नव्हत्या.

तिनं बेलाची टोपली उचलली आणि देवळाची वाट धरली. मागून कॅरोलबाई निघाल्या, चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज नको म्हणून.