सौ. प्रेमिला यांचा सायलेन्सर

वामनरावांच्या फियाटचा सायलेन्सर पुन्हा गंजून रस्त्यात गळून पडला, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता बस्स! स्टीलचाच बनवून घ्यायचा, म्हणजे जन्मभर पाहायला नको. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी असल्याने गंजाशी त्यांचं जुनं वैर होतं. पण हा बेत घरात उघड बोलायची सोय नव्हती. प्रेमिलाबाई दिवाळीपासून स्टीलचं पाण्याचं पिंप मागत होत्या आणि "यंदा घरात स्टीलचा चमचाही येणार नाही," असं वामनरावांनीच त्यांना ठणकावलं होतं.

गॅरेजवाल्या रुपरावने हात जोडले. "मी बसवून देतो जी. पण स्टीलचं काम भांडेवाल्याचं."

म्हणून वामनराव चोरासारखे इतवारीच्या बाजारात ताराचंदकडे गेले. ताराचंद डबे आणि पिंपं बनवणारा कारागीर. त्याने जुना सायलेन्सर उलटासुलटा करून पाहिला.

"साहेब, याच्यात काय ठेवता?"

"धूर."

"ठेवा बाप्पा, आपल्याले काय!" त्याने माप घेतलं. "अन् बाईंचं नाव?"

"प्रेमिला. पण तिले काही सांगू नको गा!"

"मी काहून सांगू जी?"

रविवारी सकाळी प्रेमिलाबाई देवळात गेल्या आणि इकडे रुपरावने घाईघाईने सायलेन्सर बसवला. काय तो लखलखाट! वामनरावांनी गाडी सुरू केली. आधीची डरकाळी गेली होती, पण आता रिकामा हंडा जिन्यावरून घरंगळावा तसा आवाज येऊ लागला. प्रताप नगरातली सगळी गल्ली बाहेर आली. शेजारच्या जयवंताबाई तर पदर खोचून सरळ गाडीखाली वाकल्या. स्टील दिसलं की नाव वाचायचं, ही बायकांची जुनी खोड.

नेमक्या त्याच वेळी प्रेमिलाबाई प्रसाद घेऊन परतल्या.

"प्रेमिलाताई, इकडे या वं! गाडीखाली तुमचं नाव आहे!"

वामनरावही घाईने खाली वाकले. लग्नाकार्यात भांडी हरवतात, म्हणून ताराचंद नाव टाकल्याशिवाय दुकानातून वाटीही बाहेर जाऊ देत नसे. सायलेन्सरवरही ठिपक्याठिपक्यांत ठसठशीत कोरलं होतं : सौ. प्रेमिला वामनराव.

"अजी, हे स्टील आहे का?" प्रेमिलाबाईंनी थंडपणे विचारलं.

"आहे... म्हणजे... तुयासाठीच केलं! तुले भेट!"

"मले? सायलेन्सर?"

"मंग? नाव तुयंच आहे ना!"

प्रेमिलाबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि "बरं" म्हणून आत गेल्या. वामनरावांचा जीव भांड्यात पडला. दिवसभर ते ज्याला त्याला सांगत होते, "बायकोचं मन सांभाळावं लागते गा!"

सोमवारी ते नेहमीप्रमाणे स्टाफच्या बसने कोराडीला गेले. संध्याकाळी परत येऊन पाहतात तो स्वयंपाकघरात ओट्यावर तोटीवालं कोरं करकरीत पिंप! त्यांनी तसंच अंगणात धावत जाऊन फियाटखाली डोकावलं. तिथं नुसती पोकळी होती.

"अवं, सायलेन्सर कुठी गेला?"

"ताराचंदकडे. रुपरावभाऊंनं काढून देला, मी रिक्षात घालून नेला. मोडीत देऊन पिंप आणलं."

"पण तो गाडीचा होता! अन् ताराचंदनं घेतला कसा?"

"काहून नाही घेणार? म्हणे, ज्याचं नाव त्याचं भांडं. अन् भेट तर तुमीच देली ना, साऱ्या गल्लीसमोर!"

वामनरावांनी पेला घेतला आणि तोटीखाली धरला. तोटीच्या वर ताज्या ठिपक्यांत कोरलं होतं : वामनराव यांजकडून सौ. प्रेमिला यांस सप्रेम भेट.

"आता देणाऱ्याचंही नाव टाकून घेतलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "उद्या तुमी हे परत गाडीले नेलं तर?"

वामनराव गटागट प्याले. पाणी मात्र खरंच गार होतं.